भावाच्या गाडीचं पासिंग

माझा धाकटा भाऊ आखातातून कायमचा परत आला तेव्हा त्याच्या सामानाबरोबर जहाजातून एक मोटारसायकलही आली. उंच, काटकुळी, टायरला बोटबोटभर दात. वाळूत पळवायची गाडी. तिला ना हॉर्न, ना आरसा, ना मागे कुणाला बसवायची सोय. कस्टमचे सगळे सोपस्कार करून त्याने ती टेम्पोतून रोह्याला आणली आणि आमच्या पडवीत उभी केली. मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड. घराची कौलं फिरवायची सोडून हे काय आणलंस?" तो नुसता हसला.

आरटीओचं पासिंग झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही, हा त्याचा हट्ट. आमच्या वाडीत मिसरूड न फुटलेली पोरं ट्रॅक्टर पळवतात, त्याला कोण अडवणार होतं? पण तिकडे राहून त्याला नियमाची सवय लागली होती. रोज संध्याकाळी तो पडवीतच गाडी सुरू करायचा, जरा वेळ कान देऊन ऐकायचा आणि बंद करायचा. आवाज असा की शेजारच्या म्हशी दावं ओढायच्या.

त्याच पावसाळ्यात तो हौसेने लावणीला शेतात उतरला. पायाला कुठेतरी कापलं होतं. ताप आला तेव्हा आम्हाला वाटलं, भिजलाय म्हणून. शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होतो तो लेप्टो आहे हे कळेपर्यंत डोळे पिवळे झाले होते. तो गेला, आणि एकदाही रस्ता न बघितलेली गाडी पडवीत राहिली.

मी धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर केमिकलच्या वासातच असते, त्यामुळे घरी आल्यावर पडवीत पेट्रोलचा वास यायचा तो माझ्याच कपड्यांचा असेल अशी मी समजूत घालून घेत होते. मग एकदा गाडीवरची धूळ पुसताना इंजिनाला हात लागला. ते कोमट होतं. मी भुताखेतांना मानत नाही, पण हात झटकन मागे आला आणि अंगावर काटा उभा राहिला तो रात्रीच्या जेवणापर्यंत गेला नाही. आईला विचारायची हिंमत झाली नाही.

पुढे एकदा बरं नव्हतं म्हणून दुपारीच घरी आले, तर आवाज पाणंदीपर्यंत येत होता. तोच आवाज. माझे पाय तिथेच थांबले. मनाने घेतलं की तो आत आहे. खोटं का बोलू, मला भीती वाटली नाही, आनंद झाला. मी धावतच पडवीत गेले. गाडी सुरू होती आणि तिच्याशेजारी पाटावर आई बसली होती, पदर नाकाला, डोळे मिटलेले.

"त्यानंच बटण दाखवलेलं मला," ती म्हणाली. "बंद ठेवली तं बॅटरी बसते म्हणाला."

मी तिच्यावर ओरडले. भरपूर ओरडले. ती म्हणाली, "तो हितंच हाय गो. पासिंग होत नाय तोवर रस्त्यावर जायाचा नाय. तुला ठावूक हाय ना त्याचा हट्ट."

तेव्हा मला सगळं उलगडलं. सख्ख्या बहिणीच्या घरच्या लग्नाला ती का गेली नाही, बाजारात जायचं का सोडलं, मी हाक मारली तरी पडवीतून का उठत नव्हती. त्याला एकटं सोडून जायचं कसं, म्हणून. गाडी पासिंगला पेणच्या आरटीओत नेली नाही तर आईसुद्धा त्या पडवीतच संपणार होती. आणि नेली, पासिंग झालं, तर पडवी खरोखरच रिकामी होणार होती, त्याचीही मला भीती वाटत होती. तो तिथे नाही हे मला माहीत होतं. तरीही वाटत होती.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं आपण सहज म्हणतो. पण पेणच्या आरटीओतल्या साहेबांचं तसं काही चुकत नव्हतं. कागदांवर गाडी ज्याची, तो माणूसच राहिला नव्हता. आधी ती आईच्या नावावर करावी लागली. मग रस्त्यावर आणायची तर दिवे हवेत, आरसे हवेत, हॉर्न, इंडिकेटर, मागचं सीट. आणि साडीगार्ड! त्या गाडीला साडीगार्ड म्हणजे उंटाला लुगडं नेसवायचा प्रकार. मी तिथेच हसले आणि लगेच रडूही आलं, कारण या गोष्टीवर भाऊ सगळ्यात जास्त हसला असता.

रोह्याच्या एका मेकॅनिकने हे सगळं पडवीतच बसून केलं. चेसिस नंबरचा ठसा मात्र मी घेतला. नंबरावर पारदर्शक टेप चिकटवायची, वरून पेन्सिल घासायची, अक्षरं उमटली की टेप काढून कागदावर लावायची. हँडलच्या मानेखाली नंबर होता. तिथे कापड फिरवलं तर खाचेतून बारीक वाळू गळाली, तिकडची, तांबूस. आईने ती ओंजळीत धरली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

सायलेन्सरही बदलावा लागला. जुना नियमात बसत नव्हता. नवा लावून मेकॅनिकने गाडी सुरू केली तेव्हा मी आईकडे बघायचं टाळलं. गाडी खालच्या पट्टीत घुरघुरत होती. आई ऐकत राहिली.

"घसा बसलाय तिचा," ती म्हणाली. "त्याचा बी बसला हुता शेवटी."

पेणला न्यायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. गाडी पडवीतून काढायची म्हणून मेकॅनिकने खिशातून दोन लिंबं काढली आणि दोन्ही चाकांपुढे ठेवली. नवी गाडी पहिल्यांदा दारातून निघते तेव्हा आमच्याकडे कोणीही हेच करतं. आई पुढे झाली आणि तिने दोन्ही लिंबं उचलून पाणंदीत भिरकावली.

"अहो मावशी, अपशकून करताय," तो म्हणाला. "बाहेरचं काय जवळ येऊ नये म्हणून ठेवतात ती."

"तेच तं," आई म्हणाली. "मग तो कसा येल गाडीबरोबर?"

मेकॅनिकने हँडल धरलं. गाडी तशीच टेम्पोत चढली आणि पेणला तोही आमच्याबरोबर निघाला. नागोठण्याला आणि पुढे गडबला खड्डे आले की आई मागच्या काचेतून हौद्याकडे वळून "हळू" म्हणायची. ड्रायव्हरला वाटायचं त्याला म्हणतेय. तो स्पीड कमी करायचा.

पेणला मैदानात साहेबांनी गाडी चारी बाजूंनी पाहिली, ठसा नंबराशी ताडून बघितला आणि म्हणाले, "एक फेरी मारून दाखवा. हेल्मेट घाला." मेकॅनिक स्वतःचं घरीच विसरला होता. आईने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून भावाचं हेल्मेट काढलं. तिने ते आणलंय हे मलाही माहीत नव्हतं. मेकॅनिकने ते डोक्यात घातलं, काळी काच खाली ओढली आणि तो निघाला.

अंगापिंडाने तो साधारण भावासारखाच. खांदेही तसेच, जरा पुढे आलेले. मैदानाच्या टोकाला जाऊन वळला आणि आमच्याकडे येऊ लागला. आईने माझं मनगट धरलं. मी शिकलेली बाई, पण तेवढा वेळ मला तो भाऊच दिसला, दुसरं कोणी दिसलं नाही. साहेब "ठीक आहे, झालं" म्हणाल्याचं लांबून ऐकू आलं.

गाडी आमच्यासमोर थांबली. त्याचा हात हनुवटीखालच्या पट्ट्याकडे गेला.

"काढू नको," आई म्हणाली.

हात थांबला. आईने त्या काळ्या काचेवर पाचही बोटं टेकवली. "झालं रं तुझं पासिंग," ती म्हणाली. "आता जा."

मेकॅनिकने माझ्याकडे मान वळवली. मी होकार दिला. त्याने गाडी फिरवली आणि तो मैदानाच्या पार टोकाला, झाडांकडे निघून गेला.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. भावाला नेलं तेव्हा आईला उंबऱ्यातच थांबवलं होतं. आणि जे जातात ते परतताना मागे बघत नाहीत, ही रीत तिला पक्की ठाऊक होती. ती पाठ फिरवून सरळ फाटकाकडे चालू लागली, एकदाही वळली नाही.

मी वळले. झाडाखाली गाडी उभी होती, आणि मेकॅनिक हेल्मेट काढून रुमालाने घाम पुसत होता.