ण बाणाचा

सेलीनचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी गॅसवर दूध ठेवून ते वर येण्याची वाट बघत उभी होते. "शैला, मंदा गेली," एवढंच ती म्हणाली. फोन कानालाच होता, तिकडे दूध उतू गेलं. वर्षभर मंदा आजारी होती, तेव्हा बातमी अनपेक्षित होती असं म्हणता यायचं नाही. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं. मला त्या क्षणी पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर मे महिना पंधरा दिवसांवर आलाय आणि यंदा कुठे जायचं ते अजून ठरलेलं नाही, हे; आमचं ते जाणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरीही. आज तिला जाऊन सव्वा महिना झाला. मे आला आणि संपतही आला.

मंदा, सेलीन आणि मी तिघी तुळिंजच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी साताऱ्याकडची, लग्न करून नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलेली, समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला. सेलीन वसईच्या वाडीतली, घरी केळीची बाग, तिच्या पिशवीत बाराही महिने सुकेळी. आणि मंदा कळंबची. मासेमारी करणाऱ्या दोन भावांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. "पहिलीतली साठ पोरं पदरात असताना आणखी कशाला?" असं विचारणाऱ्याला सांगायची. एक मेला वार्षिक निकाल लावला की दोन मेला आम्ही तिघी घराबाहेर पडायचो, तो दिवस आमचा. घरी सांगायचं, "शाळेचं काम आहे." जनगणना, मतदार याद्या, लसीकरण असल्या कामांना मास्तरणींना जुंपायची सरकारला इतकी सवय होती, की कुणी दुसरा प्रश्नच विचारत नसे. एक वर्ष समुद्र, एक वर्ष डोंगर, असा आमचा नियम होता. नव्वदच्या दशकात सुरू झालेला तो नियम आम्ही पंधराएक वर्षं पाळला.

शाळेत मंदाचं बोलणं अगदी छापील. पहिलीचा वर्ग तिच्याकडे आणि भिंतीपलीकडे माझा. "न नळाचा, ण बाणाचा" हे तिच्या पोरांचं ओरडणं माझ्या वर्गात रोज ऐकू यायचं. पण कळंबच्या एसटीत बसलो आणि निर्मळ गाव मागे पडलं, की तिची जीभ मोकळी सुटायची. मग सगळे ण गळून पडायचे. पानी, लोनी, कोन, म्हनून. एरवी खाली मान घालून हळू बोलणारी ही बाई ड्रायव्हरला जागेवरूनच ओरडून सांगायची, "ओ दादा, सुरूच्या झाडांपाशी थांबवा, पुढं नाय नेऊ!" मला ती मंदा फार आवडायची. आवडायची हे मला तेव्हा कळलं असतं तर...

पहिल्याच वर्षीची गोष्ट. सेलीनच्या घरी कुणाचं तरी लग्न होतं म्हणून आम्ही दोघीच कळंबला गेलो होतो. किनाऱ्यावर पोचल्यावर मंदा पदर खोचत म्हणाली, "चल, आज भांग हाय, काय घाबरू नको." भांग! सोज्वळ दिसणारी ही बाई मला दिवसाढवळ्या भांग पाजणार? मी तोंड वाकडं करून म्हटलं, "अगं, मी नाही हं असलं काही घेत. ह्यांना कळलं तर घरात घेणार नाहीत." ती वाळूत फतकल मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अष्टमीच्या सुमारास समुद्राची भरती लहान असते, पाणी शांत असतं, त्याला किनाऱ्यावरची माणसं भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते ते उधाण. हे तिने मला वाळूवर बोटानं रेघा ओढून, पहिलीच्या पोराला शिकवावं तसं समजावून दिलं. मग हात धरून कमरेइतक्या पाण्यात नेलं. "कोन म्हनतं तुला जमनार नाय? मी हाय ना!" त्या दिवशी मी पहिल्यांदा लाटेला पाठ देऊन उभी राहिले आणि दुपारी तांदळाच्या भाकरीबरोबर माझी शेंगदाण्याची चटणी खाताना दोघींनी किती ताडगोळे फस्त केले याला गणती नव्हती.

मग अर्नाळ्याला होडीतून किल्ल्यावर गेलो. तांदुळवाडीच्या गडावर तिघी वाट चुकलो आणि सेलीनने डोंगरातच गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. तिचं "आमेन" होतं न होतं तोच एक बाई मोळी घेऊन समोर उभी! मंदा म्हणायची, "देव पन सेलीनलाच भितो." डोंगरात ती माझ्या मागे असायची. मी चढताना धापा टाकायचे आणि ती मागून, "हान पाय, हान, आलंच!" करत ढकलायची. वर पोचलं की पश्चिमेला समुद्राची चकाकती पट्टी दिसे. तिथून ती बोट दाखवून आपलं घर कुठे आहे ते सांगायची. आम्हाला नुसता हिरवा पट्टा दिसायचा, तरी आम्ही हो हो म्हणायचो.

तुंगारेश्वरला गेलो त्या वर्षी शाळेत नव्याने लागलेल्या तीन-चार मुलीही बरोबर आल्या. मे महिन्यातलं ऊन, ओढा आटलेला. देवळापाशी पोचेपर्यंत सगळ्यांचे घसे कोरडे. मंदा दगडावर बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "पानी दे ग, पानी! जीव चाललाय." बाटली माझ्याकडे होती. माझी जीभ मुळातच जरा लांब, त्यात नव्या मुलींपुढे मिरवायची खुमखुमी. बाटली मागे घेऊन मी म्हटलं, "मंदाबाई, पाणी नळातून येत असलं तरी ण बाणाचा!"

सगळ्या हसल्या. मुली तर टाळ्या पिटून हसल्या. मंदाही हसली, म्हणाली, "पाणी. दे आता." मी बाटली दिली. मला माझ्या विनोदाचं इतकं कौतुक वाटलं, की जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तो स्टाफरूममध्येही सांगितला. तुळिंजला तेव्हा नळाला दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळे तो आणखीच खपला. मुख्याध्यापकांनी तर पालकसभेत स्वतःच्या नावावर वापरला. स्टाफरूममध्ये मी तो सांगितला तेव्हा मंदा कोपऱ्यात वह्या तपासत होती.

पुढच्या वर्षी समुद्राची पाळी. पुन्हा कळंब. एसटीत ती गप्पा मारत होती, तेव्हा काही जाणवलं नाही. पाण्यात उतरलो, एक मोठी लाट अंगावर घेतली, आणि ती केस मागे सारत म्हणाली, "पाणी गार आहे, नाही?" पाणी. आहे. छापील... कमरेइतक्या समुद्रात, तिच्या स्वतःच्या गावात, ती माझ्याशी वर्गातलं मराठी बोलत होती. मला वाटलं, सहज आलं असेल तोंडात. पण त्या दिवशी आणि त्यानंतरच्या प्रत्येक मे महिन्यात ती माझ्यासमोर तशीच बोलली. जेवायला बोलावलं, चेष्टा केली, माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला तीन रात्री दवाखान्यात बसली, कशातही उणं पडू दिलं नाही. फक्त ण चुकू दिला नाही.

एकदा सेलीनने मला चांगलंच फैलावर घेतलं. "तू तिला त्या पोरींपुढे शिकवायला गेलीस. आम्हालाही लोक हसतात ग, आमच्या घरच्या बोलीला. पण तू मैत्रीण होतीस." स्वतःचा बचाव म्हणून मी म्हटलं, "अगं, आम्ही एकमेकींची चेष्टा करायचोच की. भांगेवरून ती मला किती हसली होती!" सेलीनने विचारलं, "कुठली भांग?" मी थक्क झाले. इतक्या वर्षांत मंदाने ती गोष्ट सेलीनला, शाळेत, कुणालाही सांगितली नव्हती. एवढा हुकमी विनोद तिच्या हातात होता आणि तिने तो कधी वापरला नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. तरी मी तिची माफी मागितली नाही. आता विषय काढला तर उगीच खपली निघेल, असं स्वतःला समजावत राहिले. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटत होती.

शेवटची भेट फेब्रुवारीतली. कळंबच्या घरात, समुद्राकडच्या खोलीत तिची खाट होती. दार उघडंच होतं आणि आतून तिचा आवाज येत होता. भावाच्या बायकोला, वहिनींना, सांगत होती, "ऊन येतंय बघ, पडदा वढ. आनि पानी ठेव हितं, हाताशी." बारीक झालेला आवाज, पण तोच, एसटीतला. मी चपला न काढता तशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिले. चोरून ऐकत होते म्हणा ना. किती वर्षांनी ऐकत होते! मग तिने मला पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ये, शैला. कोणी सांगितलं तुला एवढ्या उन्हाचं यायला?"

मी खाटेवर बसले, तिचा हात हातात घेतला आणि रडतच म्हटलं, "मंदा, माझं चुकलं. माझ्याशी पूर्वीसारखी बोल ना एकदा." कशाबद्दल म्हणतेय, हे तिने विचारलं नाही. "वेडी आहेस," ती हसून म्हणाली, "एवढं धरून ठेवतात का?" मग माझ्या समाधानासाठी तिने खरंच प्रयत्न केला. ओठ हलले, 'पा' म्हणाली आणि थांबली. पुन्हा एकदा म्हणाली, पुन्हा थांबली. मान हलवून म्हणाली, "नाही वळत ग जीभ. तुझ्यासमोर नाही वळत."

मागच्या रविवारी मी एकटीच कळंबला गेले. ओटीवर बसले. आतून कुणीतरी विचारलं, "कोन आलंय?" काहीतरी कुजबुज झाली, भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या. साठीच्या घरात आलेली, उन्हात मासळी वाळवून काळवंडलेली बाई. ताटलीत पेला घेऊन त्या माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, क्षणभर थांबल्या आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "बाई... पाणी."

मी वर पाहिलं तर त्या संकोचून हसल्या. "मंदाताईनं शिकवून ठेवलंय आमाला समद्यांना. शैलाबाई आल्या, की तेवढा ण नीट लावायचा, त्यान्ला तरास व्हतो म्हनायची." आणि मग, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखं माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "बरोबर आला ना?"

"बरोबर आला," मी म्हटलं, आणि पेला हातात घेतला.