रेसरच्या नळीवर

कसबा पेठेत मी पातेली आणायला गेले होते. कल्हईला टाकली होती आणि आईला ती बुधवारच्या आत हवी होती, कारण दादा अमेरिकेहून येणार होता. कल्हईवाला कामात होता, म्हणून शेजारच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. आत अंधार, रबराचा आणि ग्रीसचा वास. डोळे सरावले तसं एकेक दिसू लागलं. लटकलेल्या रिमा, ट्यूबांचे वेटोळे आणि मागे भिंतीला टेकलेली, गडद हिरवी, वाकड्या हँडलची रेसर. मी कुठे बसले आहे तेच मला क्षणभर कळेना.

आमची होती ती अगदी अशीच. हीच नव्हे, हिची बहीण म्हणा. ‘उदारीकरण’ हा शब्द पेपरात नवीन होता आणि आम्ही शनिवार पेठेत राहत होतो, तेव्हा बाबांनी दादाला ती घेऊन दिली. शेजारचे काका येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “कॅरियर नाही, मडगार्ड नाही. उरलेली सायकल कधी आणणार?” कॅरियर नाही म्हणून मी पुढे, नळीवर. दादाचं कॉलेज आणि माझी शाळा नदीपलीकडे होती.

दादा मुळात घुमा. घरात दोन शब्द बोलायचा, त्यातला एक ‘हं’. पण सायकलवर बसला की त्याला कंठ फुटायचा. पुलावर वारा असायचा, खाली नदीवर पांढरं धुकं आणि माझ्या डोक्यावरून त्याचा आवाज येत राहायचा. केमिस्ट्रीची भीती वाटते, वर्गातली एक मुलगी आवडते, बाबांचा राग येतो. सकाळच्या त्या कोवळ्या उन्हात मला सगळं थोडं थोडं कळायचं आणि झोपही यायची. त्याचा चेहरा मला दिसायचा नाही. माझ्यालेखी दादा म्हणजे एक आवाज आणि हँडलवरचे दोन हात.

डबलसीट तेव्हा पोलीस पकडत. चौक जवळ आला की दादा म्हणायचा, “उतर.” मी टुणकन उतरायची आणि दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखी चौक चालत ओलांडायची. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा नळीवर. दादा जिथे थांबला होता, बरोबर तिथून पुढे बोलू लागायचा.

मग तो इंजिनिअर झाला, तिकडे गेला. रेसर कुणाला तरी देऊन टाकली. मीही शिकले, हिंजवडीला नोकरीला लागले, लग्न झालं. बाबा गेल्यावर आईने धायरीत फ्लॅट घेतला, माझ्या शेजारच्याच इमारतीत. त्यात एक खोली दादाची. “एक-दोन वर्षांत येतोच कायमचा,” असं तो फोनवर दर वेळी सांगायचा आणि आई त्या एका वाक्यावर जगते आहे, असं मी धरून चालले होते. या खेपेला त्याच्याकडून पक्कं वदवून घ्यायचंच, असं मी ठरवलं होतं. आणि आता ही रेसर समोर. हिच्यावर तो एकदा बसला की जाणार नाही, असं मला वाटलं. वेडगळपणा खरा, पण त्या पायरीवर तो मला पूर्ण पटला.

“ही विकायची आहे का हो?” मी दुकानदारांना विचारलं.

“विकायची असती तर बाहेर नसती का ठेवली?”

“मला हवी आहे.”

“चालवणार, का हॉलमध्ये टांगणार? आयटीवाले टांगतात.”

“भाऊ चालवेल. अमेरिकेहून येतोय.”

“म्हणजे टांगणारच,” ते म्हणाले. पण उठून चाकांत हवा भरू लागले. “कॅरियर बसवून देऊ?”

“नको,” मी जवळजवळ ओरडलेच.

रविवारी उजाडता उजाडता दादाला खाली नेलं. त्याने रेसरभोवती एक चक्कर मारली. मग सीटवर हात फिरवून म्हणाला, “बस.”

“या वयात?”

“बस गं, ठमे.”

बसले. सायकल आधी वेडीवाकडी गेली, मग सावरली. सोसायटीमागचा रस्ता रिकामा होता. कुठेतरी देवपूजेची घंटा वाजत होती, धुरकट उजेड होता आणि कानाला तोच वारा. मी डोळे मिटले. धायरी कुठे, पूल कुठे, काही राहिलं नाही. मी इतकी सुखात होते की तो बोलू लागला तेव्हा शब्द आधी नुसते कानावरून गेले.

“मी परत येणार नाहीये,” तो म्हणत होता. “मुलं तिथली झाली. मीही झालो बहुतेक. आईला कसं सांगू?”

मी डोळे उघडले. समोर हँडलवर त्याचे हात होते, त्यांवरचे केस पिकलेले.

“हे घरी का नाही बोललास? चार दिवस झाले येऊन.”

“घरी तू समोर असतेस,” तो म्हणाला.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. “आईला तूच सांगायचं,” एवढंच मी म्हणाले.

वर गेलो तेव्हा आई ओट्याशी पोहे परतत होती. दादा तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. मला वाटलं, आता आई कोसळणार आणि तिला धरायला आपण जवळ असायला हवं.

“आई, मी इकडे परत येणार नाहीये.”

आईने पोह्यांवर झाकण ठेवलं, गॅस बारीक केला.

“ते मला कधीचं माहीत आहे रे,” ती म्हणाली. “हिला सांगितलंस का?”

“हो. आत्ताच.”

“सुटले बाई. माझ्याच्याने होत नव्हतं.”

इतकी वर्षं मी आईसाठी त्याची वाट बघत होते, आणि आई माझ्यासाठी.