अण्णांचा पुकारा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत होते, ऑडिट चालू होतं. "अण्णा गेले," एवढंच नवरा म्हणाला. उरलेलं काम सहकाऱ्याला समजावून दिलं आणि निघाले.

अण्णा माझे मोठे दीर. मोशीला शेती होती तोवर शेती केली, मग त्याच जागेवर शेड बांधून भाड्याने दिल्या. पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती आवाजावरून. बैलगाडा शर्यतीत माइकवर ते पुकारायचे. गाडा सुटल्यापासून निशाणापर्यंत एकच दम... मध्ये श्वास घेतला की मजा गेली, असं त्यांचं मत.

म्हणून फुप्फुसातली लहानशी गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पुकारता यील का?" सर्जन बाईंनी पर्याय सांगितले. फुप्फुसाचा अख्खा कप्पा काढायचा. किंवा गाठ कडेला आहे, तर कप्प्यातला तेवढाच भाग. छाती उघडून, नाहीतर छोट्या छेदांतून, दुर्बिणीने.

घरी पंचायत बसली. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की ऑपरेशन, सगळ्यांना विचारल्याशिवाय होत नाही. अण्णांचे मामा म्हणाले, "भोकं पाडून काय दिसणार? चांगलं उघडून बघा म्हणावं, सगळं निघालं पायजे."

"मामा, तुमी बोअर मारताना सगळं रान उकरता व्हय?" अण्णा म्हणाले. सगळे हसले, पण मत कोणाचंच बदललं नाही. मोठा छेद म्हणजे सगळं निघणार, छोटा म्हणजे काहीतरी राहणार, असंच सगळे धरून चालले होते. शेवटी मी म्हटलं, आत कसं जायचं हा एक प्रश्न आणि किती काढायचं हा दुसरा. दुर्बिणीनेही अख्खा कप्पा निघतो.

"मग उद्या हिलाच नेतो संगं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, दुर्बिणीने थोडाच भाग काढू. मात्र ऑपरेशन चालू असतानाच शेजारच्या ग्रंथी तपासू; त्यांत काही निघालं तर कप्पा काढावा लागेल. "तेव्हा तुम्हाला उठवून विचारता येणार नाही. आत्ताच सांगा."

अण्णा म्हणाले, "काढा. पुकारायला आधी जित्ता तर पायजे."

ग्रंथीत निघालं. कप्पा गेला. पुढची औषधंही झाली.

यात्रांच्या हंगामात अण्णा पुन्हा माइकवर उभे राहिले. गाडा निम्म्यावर आला आणि दम संपला. त्यांनी सरळ थांबून श्वास घेतला. तेवढ्यात शर्यतीचा अख्खा घाट चिडीचूप झाला, मग त्या गाड्याची उरलेली बारी त्यांनी अशी पुकारली की लोक उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, मुद्दामच थांबले.

पुढे आजार परतला. दुर्बिणीने केलं म्हणून राहिलं, असं नातेवाईक अजून म्हणतात. काढायचं तेवढं काढलं होतं, हे मी प्रत्येकाला समजावते. काहींना पटतं.

परवा चऱ्होलीच्या घाटात गेले होते. माइकवर अण्णांचा जुना जोडीदार होता, धडधाकट माणूस. गाडा निम्म्यावर आला तसा तो थांबला. त्याच्या छातीत दम भरपूर होता... पण आता तिथं थांबायचंच असतं.