एकादशी करणारा कुत्रा

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. शपथ घातली असती तर गप्प बसले असते, पण घाईत ती विसरली. आता काय सांगू तुम्हाला, आमच्या भुऱ्या कुत्र्याला मी संत केलं.

कसं म्हणाल, तर डोळ्यांनी. माझं बोलणं कमी, बघणं फार. एकादशीला भुऱ्याने भाकरीला तोंड लावलं नाही, हे मीच पाहिलं. दुपारी मारुतीच्या देवळासमोर त्याने पुढचे पाय पसरले, छाती जमिनीला टेकवली आणि मागचं अंग वर ठेवून तसाच राहिला. नमस्कारच तो! मी फक्त काकीच्या कानात सांगितलं. काकीला सांगितलं म्हणजे तापीच्या दोन्ही काठांना सांगितलं.

संध्याकाळी अंगणात बाया जमल्या. कुणी कुंकू लावलं, कुणी झेंडूची माळ घातली. एरवी त्याने ती फाडून टाकली असती. आता हललाही नाही. द्वादशीला त्याचं पारणं ठरलं, तुपात भिजवलेली पुरणपोळी. दोन घास गिळले आणि ओकला. तो उपास सोडायला तयार नाही, असं काकीने जाहीर केलं. बायांनी हात जोडले.

मला सगळं दिसत होतं बरं का. नाक कोरडं, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. गोठ्यामागे एकटाच बसे, मान वळवून सारखा पोटाकडे बघे. पण मी पडले मराठी सहावीतली मुलगी, माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. एकटा बसतो ते वैराग्य. पोटाकडे बघतो ते आत्मचिंतन. मीही हळूच त्याच्या पाया पडले, म्हटलं, गणितात पास कर. तो कण्हला. मला वाटलं, हो म्हणाला.

आबा, म्हणजे माझे वडील, अक्कलकुव्याहून बांबूची गाडी घेऊन परतले तेव्हा अंगणात आरती चालली होती. त्यांनी वाट काढत भुऱ्याच्या पोटावर हात ठेवला. घरच्या माणसावर कधी न गुरगुरलेला भुऱ्या गुरगुरला, आणि लगेच त्यांचा हात चाटू लागला.

"याना पोटमा दुखी ऱ्हायनं व, पोरी," आबा म्हणाले. "तुले इतलं सगळं दिसनं, मंग हाई कसं दिसनं नही?"

त्यांनी एरंडेल पाजलं, पोट शेकलं. पहाटे भुऱ्या गेला.

बाया म्हणाल्या, समाधी घेतली. त्या जागी ओटाही बांधला. आबा खरं सांगायला निघाले, तर आईने अडवलं. एवढ्या बायांना खोटं पाडलं तर या पोरीला कोण करून घेईल, म्हणाली.

काल एक बाई पोट दुखणाऱ्या लेकीला घेऊन आली. मी पहिली भक्तीण, म्हणून अंगारा मीच लावायचा. वैद्याकडे न्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि हात अंगाऱ्याकडे गेला. पोटदुखीने मेलेल्याच्या नावाने पोटदुखीवर अंगारा, आणि तो लावणारी मी.

आज ती पोर पुन्हा आली आहे, ओट्याशी कण्हत बसली आहे. आज मात्र मी तिच्या आईला सरळ सांगणार आहे, की

"चाल व, ताट धर," काकी हाक मारते आहे. "पहिला दिवा तुन्हाच शे."

आले, काकी. तर मी सांगणार आहे, की आमचा भुऱ्या काही