भिला अप्पाचे कान आणि कार्बोरेटर

कार्बोरेटर कितीही धुवा, जेटच्या बारीक भोकात कचरा साठतोच. आमच्या गॅरेजचे किस्सेही तसलेच. एक फुंकून काढला की मागून दुसरा हजर! मी चार यत्ता शिकलेला माणूस. थापा मारता आल्या असत्या तर पुढारी नसतो झालो?

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सुरतेबाहेर कडोदऱ्याच्या हायवेवर आमचं गॅरेज. मालक नगीनशेठ, मिस्त्री आमच्या खानदेशातले भिला अप्पा. दोघांचीही जवानी कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेली. अप्पाचे कान तर पार कामातून गेलेले. हे सगळ्यांना ठाऊक, फक्त शेठला नाही! शेठ गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे, "अमारो मिस्त्री कानथी ट्यूनिंग करे छे!"

कानानं कसलं? चहानं! चालू इंजिनावर भरलेला पेला ठेवायचा आणि चहा हलायचा थांबेपर्यंत कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा. गाडी लोण्यासारखी चालायची, देवाशपथ!

*

एकदा मी पेल्यात घट्ट दही लावलं आणि "आज चहा नाही, दूध आहे" अशी खूण केली. गाडी एवढी थरथरत होती की नंबरप्लेट गळून पडली. पेला मात्र ढिम्म!

अप्पा गहिवरले. "जिंदगीत अशी गाडी जमली नव्हती रे!"

मग दुधाचा घोट घ्यायला पेला तोंडाला लावला. काही येईना. त्यांनी आत बोट घातलं, माझ्याकडे पाहिलं... दोन दिवस माझ्या केसांना आंबट वास येत होता.

*

पलसाण्याचे एक डाइंगवाले, म्हणजे कापड रंगवणारे, शेठ गाडी घेऊन आले. पांढरंशुभ्र धोतर. त्यांच्याच कारखान्यातून आणलेल्या रिकाम्या डब्यात आम्ही कार्बोरेटर पेट्रोलनं धुतला. डबा कसला रिकामा, तळाशी रंग होता! अप्पांनी जेट तोंडाला लावून जोरात फुंकला, आणि शेठ उभ्या उभ्या गुलाबी!

आम्ही पळायच्या तयारीत. शेठ धोतर चोळून चोळून बघताहेत. शेवटी आपलाच रंग ओळखून खूश होऊन म्हणाले, "पक्को रंग छे! मारो ज माल!"

*

आणि मग कुणीतरी चुगली केली. नगीनशेठ गरजले, "बहेरा निकला तो कल से घर!"

आम्ही खुणांनी सांगितलं तेव्हा अप्पा बोटांवर मोजायला लागले. नवागामात भाड्याची खोली, खाणारी सात तोंडं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. शेठनी स्वतः स्क्रू फिरवून कार्बोरेटर बिघडवला. अप्पांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. खांद्यावर थाप पडली की अप्पांनी बोलायचं, असं ठरलं. त्यांचा एक हात मडगार्डवर. स्टार्टर मारायला मी.

गाडी धडधडली, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. मी पुन्हा स्टार्टर मारणार, तोच शेठनी थाप मारली. "बोल! अवाज केवो छे?"

अप्पांनी मडगार्ड नीट चाचपलं. शेठची नजर त्यांच्या ओठांवर.

"शेठ, गाडी ते बंद शे!"

शेठ टुणकन उडाले. "जूठो! केवी मस्त चाले छे! सांभळ, ऐक जरा!"

सगळे गाडीकडे बघताहेत. शेठनीही वाकून बॉनेटखाली पाहिलं. पंखा जागच्या जागी उभा!

शेठनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मग हळूच अप्पांच्या कानाशी गेले आणि कुजबुजले, "कोईने के'तो नी हां, कोणाला सांगू नको!"

अप्पा म्हणाले, "काय? जरा मोठ्यानं सांगा!"

मग शेठनी ते असं काही मोठ्यानं सांगितलं, की नाक्यावरच्या ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या!