कलम दोनमध्ये माय कुठं हाय?

माझ्या हातून आज जे काही लिहून होतं, ते केजच्या तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या एका अर्जनवीसामुळे. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा माणूस. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणतो, मीही तेच म्हणतो. आईनं वाढवलं, गुरुजींनी शिकवलं, हे तर आहेच. पण कागद वाचायचा कसा, हे चाचांनी शिकवलं आणि माझं पुढचं सगळं कागदांवरच उभं राहिलं. म्हणून पहिला मान त्यांचा.

बारावीनंतर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. टेबलावर जुना टाइपरायटर आणि त्यांच्या कानावर लाल पेन्सिल.

"शिकलास किती?"

"बारावी."

"मंग मला कावून लिवायला लावतो बे? घे पेन."

मी फॉर्म भरला. वडील मी लहान असतानाच गेले होते, म्हणून 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना रिकामा ठेवला. चाचांनी लाल पेन्सिल बरोबर त्या रकान्यावर टेकवली.

"घर कोण चालवतंय?"

"माय. ऊसतोडीला जाती, मामाच्या कोयत्यावर."

"मंग ती कुठं हाय ह्यात?"

फॉर्मात आईला जागाच नव्हती. चाचांनी एक कोरा कागद दिला, त्यावर आईचं नाव, तिचं काम, ती किती महिने गावाबाहेर असते हे सगळं माझ्याकडून लिहून घेतलं आणि फॉर्मला टाचणी मारली. म्हणाले, "कागद कुणी बी बनवू दे. आपलं माणूस त्यात कुठं बसतंय ते आदी बघायचं. सही मागून."

कोयता म्हणजे आमच्याकडे दोन माणसांची जोडी. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. बहुतेक कोयते नवरा-बायकोचे असतात आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाशी होणारा करार पुरुषाच्या नावावर होतो. वडील गेल्यावर आई तिच्या भावाबरोबर जाऊ लागली. मामी कायमची आजारी, ती गावातच असायची. दिवाळी झाली की आई आणि मामा कड्याच्या साखर कारखान्याकडे नाहीतर त्याच्याही पलीकडे जायचे. मी शाळेतल्या हंगामी वसतिगृहात दोन वेळा जेवायचो आणि झोपायला मामीकडे जायचो. त्या जेवणावर मी सातवीपर्यंत आलो, हे मी कधी विसरलेलो नाही. पुढे विसरलो नाही हीच माझी चूक ठरली, ते सांगतो.

घरातला पहिला पदवीधर मी. आता अंबाजोगाईला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. मुलांना विधिमंडळाचं कामकाज शिकवताना माझ्या लक्षात आलं, की आपले आमदार सभागृहात कोणती विधेयकं मांडतात हे मला स्वतःलाच माहीत नाही. मंत्री नसलेल्या आमदारालाही विधेयक मांडता येतं. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात आणि शुक्रवारी त्यांची पाळी येते. मी एक लांबट रजिस्टर घेतलं आणि जिल्ह्यातल्या एका आमदारांची विधेयकं त्यात उतरवायला लागलो. विधेयकाचा क्रमांक, विषय, कधी मांडलं, पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा 'मागे घेतलं' असंच लिहावं लागायचं. तरी प्रत्येक विधेयक मी पूर्ण वाचायचो आणि त्यावर इथल्या एका साप्ताहिकात लिहायचो. त्याचे पैसे मिळत नसत, पण तहसील कचेरीसमोरच्या हॉटेलात लोक तो लेख मोठ्यानं वाचतात हे कळलं, की बरं वाटायचं.

लेख छापायला जाण्याआधी चाचांकडे जायचा. त्यांना मोबाइलवर वाचता येत नाही, डोळे दमतात. मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहायचो, पाकिटात घालायचो आणि केजला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हातात द्यायचो. दुसऱ्या दिवशी लाल खुणा होऊन ते पाकीट परत यायचं. कुठे 'पुरावा काय?', कुठे 'हे तुझं मत हाय, कागदात न्हाई.'

मग त्या आमदारांनी हंगामी वसतिगृहांचं विधेयक मांडलं. आजवर ही वसतिगृहं सरकारी आदेशावर चालत आली. कधी वेळेवर सुरू होतात, कधी हंगाम निम्मा सरल्यावर. विधेयकात होतं, की दिवाळीनंतर ठरलेल्या मुदतीत ती सुरू झालीच पाहिजेत. विधेयकाच्या शेवटी ते कशासाठी मांडलं याचं निवेदन असतं, ते मी आधी वाचलं. आई-बापामागे उसाच्या फडावर जाणारी लेकरं, सुटलेल्या शाळा, सगळं त्यात होतं. माझे डोळे भरून आले. त्या रात्रीच लेख लिहिला आणि जीपची वाट न बघता थेट साप्ताहिकाकडे पाठवला. 'हे विधेयक मी लहान असताना हवं होतं' असं मी लिहिलं होतं. लेख पहिल्या पानावर आला. आमदारांच्या कार्यालयातून अभिनंदनाचा फोनही आला.

रविवारी मी अंक घेऊन केजला चाचांच्या घरी गेलो. चाचांनी तो आधीच वाचला होता.

"लई गोड लिवलंस," ते म्हणाले. "सत्काराला वाचून दाखवावं असं."

"चाचा, टोमणा हाय का ह्यो?"

"पाकीट न्हाई आलं ह्या टायमाला. जीप बंद व्हती?"

त्यांनी विधेयकाची प्रत माझ्यासमोर सारली. "कलम दोन वाच. मोठ्यानं."

कलम दोनमध्ये व्याख्या असतात. मी वाचलं, "ऊसतोड कामगार याचा अर्थ, ज्या व्यक्तीच्या नावे मुकादमासोबत कोयत्याचा करार झाला आहे अशी व्यक्ती, असा आहे. पाल्य याचा अर्थ, अशा कामगाराचा मुलगा किंवा मुलगी, असा आहे."

"तुमचा करार कुणाच्या नावानं व्हता?"

"मामाच्या."

"तू मामाचा कोण?"

"भाचा."

"भाचा लिवलंय का त्यात?" त्यांनी पेन्सिल कलमावर टेकवली. "आनि माय कुठं हाय?"

जे विधेयक मी लहान असताना हवं होतं असं मी छापून आणलं होतं, त्यात मला जेवण मिळालंच नसतं. मी स्वतः कोयत्याच्या घरातला. ती व्याख्या मी तीनदा वाचली होती आणि तीनदा ती मला बरोबरच वाटली होती, कारण आमच्या घरात जन्मभर 'मामाचा कोयता' हेच ऐकलं.

बसनं परत येताना मामाच्या मुलीची आठवण झाली. तिला नवऱ्यानं सोडलंय. ती तिच्या भावाबरोबर तोडीला जाते आणि तिची मुलगी सातवीत आहे. आज त्या मुलीचं नाव वसतिगृहाच्या यादीत आहे, कारण गावातले गुरुजी सगळ्यांना ओळखतात आणि ओळखीवर यादी करतात. उद्या कायदा झाला, की गुरुजींना करार बघावा लागेल. करारावर तिच्या आईचं नाव नाही. म्हणजे कायदा नसताना जी मुलगी जेवत होती, ती कायदा झाल्यावर फडावर जाणार. आणि त्या कायद्याचं कौतुक तिच्याच मामानं पहिल्या पानावर केलं होतं.

पुढच्या अंकात मी 'मागच्या लेखातली माझी चूक' म्हणून लिहिलं. ते लिहायला मला चार दिवस लागले. या वेळी पाकीट जीपनं गेलं आणि एकही लाल खूण न होता परत आलं. तसं पहिल्यांदाच झालं.

अंक निघाला आणि आमदारांच्या कार्यालयातून पुन्हा फोन आला, भेटायला या म्हणून. मी घाबरतच गेलो. दारातच एक कार्यकर्ता म्हणाला, "या सर, या! मागल्या हप्त्यात हार, ह्या हप्त्यात जोडा. पुढल्या हप्त्यात काय आणताव?"

आतले सगळे हसले. आमदार हसले नाहीत. त्यांनी माझा लेख पुढे घेतला होता.

"आमच्या घरातून कोयता कधी गेला नाही," ते म्हणाले. "मी मुकादमांना बोलावून विचारलं. त्यांनी सांगितलं तसं मसुद्यात आलं. पण तुमच्या घरातून तर गेलाय. तुम्हाला पहिल्या वाचनात कसं दिसलं नाही?"

"आमीबी मामाचाच कोयता म्हणायचो साहेब," मी म्हणालो. घाबरलो, की मला गावचं बोलणं येतं. "मायचा कधी म्हणलोच न्हाई."

त्यांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे ठेवलं. "कसं पाहिजे ते लिहा."

चाचांबरोबर बसून तयार केलेलं वाक्य माझ्या खिशात होतं. मी ते उतरवून दिलं. निघताना तोच कार्यकर्ता माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "माझी बहीणबी भावकीतल्या कोयत्यावर जाती, सर. बरं झालं."

आमदारांनी दुरुस्तीची सूचना दिली. माझं रजिस्टर कुणाचं कौतुक करायला उघडलेलं नव्हतं, पण त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवसापासून माझ्या मनात आहे. तो मी लेखातही लिहिला आणि त्यापुढे त्यांच्या दुसऱ्या एका विधेयकावर टीकाही केली. त्यांचा फोन पुन्हा आला, राग मात्र आला नाही.

चर्चा व्हायला उन्हाळा उजाडला. तोवर तोडीला गेलेली माणसं गावी परतली होती. पुढे जे झालं ते मी चाचांना नेहमीच्या पाकिटातून कळवलं. ते पत्र असं:

आदरणीय चाचांस,

स. न. वि. वि.

तुमच्या डोळ्यांसाठी अक्षर मोठं काढलंय, म्हणून पानं जास्त झाली.

विधेयक मागे घेतलं गेलं. मंत्र्यांनी सांगितलं, सरकार स्वतः नियम आणणार आहे. आमदारांनी त्यावर विश्वास ठेवला. मी रजिस्टरात शेवटच्या रकान्यात नेहमीचेच दोन शब्द लिहिले आणि मला वाईट वाटलं. पण आमदारांनी मागे घेण्याआधी आपली दुरुस्ती सभागृहात पूर्ण वाचून दाखवली आणि नियमांत हीच व्याख्या घ्या, अशी मागणी केली. मंत्री 'तपासून घेऊ' म्हणाले. 'घेऊ' म्हणाले असं मी लेखात लिहिणार होतो, तुमची पेन्सिल आठवली म्हणून 'तपासून' ठेवलं. नियम आले, की पहिल्यांदा कलम दोन बघेन.

काल गावी गेलो होतो. मामाची मुलगी तोडीवरून आली आहे. तिच्या मुलीची शाळा सुटली नाही, गुरुजींनी यंदाही नाव ठेवलं होतं. मुलीच्या हातात मी दुरुस्तीचा कागद दिला. तिनं तिच्या आईला तो वाचून दाखवला, "करारात नाव असो वा नसो, प्रत्यक्ष ऊसतोडणीस जाणारी कोणतीही स्त्री किंवा पुरुष." आईला एकदा ऐकून कळलं नाही. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग मला विचारलं, "म्हंजे मी हाय का ह्यात?"

माझी आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हाय की. तू बी हायस आन् मी बी हाय."

चाचा, अजून हा कायदा नाही, हे मी त्यांना सांगितलं. तुम्ही शिकवलंत म्हणून सांगितलं, नाहीतर त्या वेळी सांगवत नव्हतं. बारावीला तुम्ही माझ्या फॉर्माला जो कोरा कागद टाचला होता, त्याची आठवण आली. तुमचे उपकार आहेत.

काही चुकलं असेल तर लाल खूण करून उद्याच्या जीपनं पाठवा.

तुमचा,
मामाच्या कोयत्यावरचा भाचा