ॲस्पेनच्या पोटातलं सूत

आधीच सांगते, मी बुरशीची माणूस आहे, भुताची नाही. नागपूरला बॉटनीत एम.एस्सी. केलं आणि अमेरिकेत आले ती झाडं कशी कुजतात हे शिकायला. कुणाच्या अंगात आलं असं कुणी सांगायला लागलं की मी आजही आधी विचारते — ताप मोजला का? या सदरातले अनुभव वाचून मी पोट धरून हसलेली आहे. तेव्हा माझ्यावर हसायचं तर खुशाल हसा... फक्त पूर्ण वाचून हसा.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मिनेसोटाचं पार उत्तरेकडचं टोक. तिथल्या जंगलांत स्प्रूस, बर्च आणि ॲस्पेन, दुसरं फारसं काही नाही. माझं पीएच.डी.चं काम म्हणजे हातोडा घेऊन झाडं ठोकत हिंडणं. बाजारात आपण नारळ वाजवून घेतो ना, तसंच. भरीव झाड ठण्ण वाजतं, आतून कुजलेलं बद्द. बाहेरून हिरवंगार, पानं सळसळतायत, आणि आत सगळा लगदा! झाड बाहेरच्या कातडीवर जगतं, त्यामुळे आतलं पोखरलं तरी त्याचं त्याला काही वाटत नाही. वाटतं ते खाली बसलेल्या माणसाला, झाड अंगावर आलं की.

जंगलाला लागून एक छोटं गाव, तिथे मराठी घर एकच. वसंतकाका आणि सुमनकाकू. काका तिथल्या छोट्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. मूलबाळ नाही, म्हणून मी आयतीच लेक झाले. दर रविवारी वरणभात, लिंबाचं लोणचं आणि काकूंची बोलणी. “उंटावरची शहाणी” हे माझं त्या घरातलं नाव.

त्या वर्षी मार्चमध्ये काकांना हार्ट अटॅक आला. वाचले, पण थोडक्यात. नंतर दिवसभर ते मागच्या काचेच्या सनरूममध्ये खुर्ची टाकून बसायचे. आणि त्या सनरूमवरच कललेलं होतं ते मोठं ॲस्पेन.

जूनमधल्या एका रविवारी मी पहिल्यांदाच मागच्या अंगणात गेले तर त्या झाडाला पांढरं सूत गुंडाळलेलं! खाली हळद-कुंकू, आंब्याऐवजी पीच.

“काकू, हे काय?”

“वटपौर्णिमा झाली ना परवा. घर घेतल्यापासून इथेच करते मी.”

“अहो पण हा वड आहे का?”

“वड कुठून आणू या बर्फात? याची पानं बघ, वारा नसतानाही पिंपळासारखी सळसळतात. वड नाही तर पिंपळ तरी.” सूत त्यांनी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणलेलं असायचं. वर्षातून एकदा तिकडे ड्राइव्ह करून पोहे, गूळ, उदबत्त्या आणि सुताचं रीळ.

मला हसावं की रडावं कळेना. त्या जंगलातलं सगळ्यात अल्पायुषी झाड कुठलं विचाराल तर ॲस्पेन! आणि या बाईनं नवऱ्याचं आयुष्य त्यालाच बांधलं होतं. मी वर पाहिलं. खोडावर घोड्याच्या खुरासारख्या काळ्या बुरशीच्या गाठी — एक नाही, ओळीनं वरपर्यंत. गाडीतून हातोडा आणला, ठोकला. बद्द.

मी काकांना सरळ सांगितलं, “झाड कधीही पडेल, आणि पडेल ते तुमच्या डोक्यावर. तोडा.”

काका म्हणाले, “बोलाव माणूस.”

काकू दारातच उभ्या राहिल्या. “सूत बांधलेलं झाड तोडायचं? ते पण या वर्षी? आधी मला तोडा.”

“काकू, ते आतून कुजलंय.”

“तुला काय दिसलं आतलं?”

मला राग आला. म्हटलं, दाखवतेच. आमच्याकडे एक पोकळ गिरमिट असतं. खोडात फिरवत न्यायचं आणि आतल्या लाकडाची पेन्सिलीएवढी कांडी बाहेर काढायची. सुताच्या वर चांगली हातभर जागा सोडली आणि गिरमिट चालवलं. कांडी आली. आधी थोडं पांढरं, चांगलं लाकूड. मग पिवळा, भुसभुशीत लगदा. मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमासारखा वास सुटला. ही बुरशी लागलेल्या ॲस्पेनला तसा वास येतोच, त्यात नवल नाही.

नवल पुढे होतं. कांडीच्या टोकाशी, अगदी गाभ्यातल्या लगद्यात, एक पांढरा धागा होता.

काकूंनी वाकून पाहिलं. “सूत आहे हे.”

“बुरशीचे तंतू असतात असे,” मी ठणकावून सांगितलं.

सोमवारी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरलं. बुरशी नव्हती. कापूस. पीळ दिलेल्या चपट्या फितीसारखा तंतू, शाळेतलं पोरही ओळखेल. पिळात कुंकवाचे कण.

आता ऐका. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, या बुरशीचं पक्वान्न! जिनं अख्खं लाकूड खाल्लं तिनं तो धागा आधी फस्त करायला हवा होता. बरं, सूत मिळालं ते लाकूड काकू अमेरिकेत यायच्या कितीतरी आधीचं. वरची साल अखंड. तिथे ते गेलं कसं? मी स्वतःची समजूत घातली की बाहेरचं सूत गिरमिटाला चिकटून आत गेलं असेल. पण झोप लागेना. जेवताना, बस पकडताना, सारखं तेच डोक्यात. शेवटी रविवारची वाटसुद्धा पाहवली नाही, मधल्याच एका दुपारी प्रोफेसरांना थाप मारून गाडी काढली.

काका सनरूममध्ये पेपर तोंडावर घेऊन पेंगत होते. काकू पलीकडे स्वयंपाकघरात. तिथून झाड दिसत नाही. या वेळी मी उलट बाजूनं, आणखी वर, साल घासून पुसून गिरमिट घातलं. बाहेर काढलं तर लगद्याबरोबर सुताचं टोक आलं... आणि तुटलं नाही. भोकातून लोंबत राहिलं.

मी ओढलं. आलं. अजून ओढलं, अजून आलं. सैल नव्हतं हो ते! ताणलेलं होतं, पलीकडून कुणी बोटाला गुंडाळून धरावं तसं. मी वेड्यासारखी ओढतच होते. एकदम मनात आलं — काका! वळून पाहिलं तर काका मजेत घोरत होते.

“नलू! पुरे!”

काकू स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

“काय झालं काकू?”

“काही नाही गं. गरगरलं एकदम. आतून कुणी ओढल्यासारखं...” असं म्हणून त्या खाली बसल्या. मी पाणी दिलं, साखर दिली. उपासतापास करता, मग दुसरं काय होणार, असं वर सुनावलंसुद्धा.

ते सूत मी कापलं नाही. का, ते विचारू नका. काडीनं हळूहळू आत सारलं आणि भोक मेणानं बुजवलं. आणि काकांना जाऊन सांगितलं, “झाड राहू द्या.”

काका हसायला लागले. “सायंटिस्ट ना तू?”

“खुर्ची पुढच्या खोलीत हलवा आणि गप्प बसा,” मी म्हटलं. एवढा तरी शहाणपणा केला. शिवाय झाडाला पोलादी दोर बांधून घेतला.

हिशेबानं ते झाड पुढच्या वादळात जायला हवं होतं. गेलं नाही. दर वसंतात पालवलं, दर जूनमध्ये काकूंनी सूत गुंडाळलं. काका पुन्हा कामावर गेले, रंग परतला. मी दोन तासांवरच्या गावी नोकरीला लागले, पण माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. वारा सुटला की फोन करायचे. “आहे का उभं?” “आहे गं बाई. तुझं लग्न कधी करतेस ते सांग,” इति काकू.

मग एका नोव्हेंबरात काकू भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या. एकट्याच. ठणठणीत होत्या. जाताना मला फोनवर म्हणाल्या, “यांच्याकडे बघ.”

थँक्सगिव्हिंगच्या आधीची सकाळ. काकांचा फोन. “नलू, झाड पडलं. पहाटे.”

कशी ड्राइव्ह करत गेले मला आठवत नाही. सगळा रस्ता एकच — काका, काका, काका. पोचले तर ते बर्फातले रबरी बूट घालून अंगणात उभे! मी आधी त्यांची नाडी धरली.

“अगं, मी ठीक आहे. भूल मी देतो, तू नव्हे.”

वाऱ्याची झुळूक नव्हती. बर्फ भुरभुरत होतं. झाड कललं होतं घराकडे आणि पडलं होतं बरोबर उलट, जंगलाकडे. दोर तुटून पडलेला. सनरूमची एक काच फुटली नव्हती. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! अंगणातच मोठ्यानं हसले. “सुटलात काका! सुटलात!” काकांनी चहा केला, आम्ही उभ्या उभ्या प्यायलो.

मग मी मोडलेल्या बुंध्यापाशी बसले. पोकळ. पिवळा लगदा, तोच मलमाचा वास. हात कोपरापर्यंत आत घालून धुंडाळलं. बाहेरचं जूनमधलं सूत तुटून लोंबत होतं. आत मात्र एक धागा नाही.

घरात फोन वाजला. काका आत गेले. पुण्याचा होता, लाइन खराब, “हॅलो, हॅलो” करून ओरडत होते. मग ओरडणं थांबलं.

काकू दुपारी जेवून आडव्या झाल्या होत्या. घरचे चहाला उठवायला गेले तर उठल्याच नाहीत. पुण्याची दुपार म्हणजे आमची पहाट. वेळा जुळवून बघू नका, मी बघितल्यात.

काका फोन ठेवून पायरीवर येऊन बसले. म्हणाले, “सगळे फेरे माझ्याच नावानं मारले तिनं. स्वतःच्या नावानं एक नाही मारला.” आणि तो माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला.

नंतरच्या वर्षांत मी कितीतरी जणांशी बोलले. बुरशीवाले, लाकूडवाले, एक कापूसवालासुद्धा. पहिल्या कांडीतल्या धाग्याची स्लाइड अजून माझ्या कपाटात आहे. कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी ऐकायला तयार आहे. माझ्याकडे नाही.

काकांनी आता नव्वदी ओलांडली आहे. एकही गोळी लागत नाही. इतकं जगणं त्यांना आवडत नाही, स्पष्ट बोलून दाखवतात. त्या दुपारी सूत ओढल्याचं मी त्यांना नंतर कधीतरी सांगितलं होतं. जूनमध्ये त्यांचा फोन येतोच. इकडचं तिकडचं बोलतात, आणि ठेवायच्या आधी दर वर्षी तेच विचारतात.

“नलू... तू ओढत होतीस ना ते सूत, त्याचं दुसरं टोक कुठे होतं गं?”

मी म्हणते, “माहीत नाही, काका.”